पावाची वेणी आणि कोळंबीची ॲलर्जी

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

ही वही पावासाठी आणली आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. रिबेका म्हणाली, किती मैदा, किती पाणी, किती वेळ फुगला ते दर वेळी लिही, नाहीतर तीच चूक दहा वेळा करशील. माझी थोरली बहीण. हुकूम सोडल्याशिवाय तिला बोलताच येत नाही. लग्न करून इस्रायलला गेली, अश्दोदला, आणि तिथे हा अंड्यांचा, वेणी घातलेला पाव शिकली. खल्ला म्हणतात. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. त्या रात्रीच्या जेवणाला हा पाव टेबलावर ठेवायचा, एक नाही, दोन.

आमच्या ठाण्याच्या घरी असलं काही नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आई चपात्या करायची, वर पांढरं फडकं घालायची, बाबा आशीर्वाद म्हणायचे, की बसा जेवायला. एप्रिलमध्ये बाबा गेले. मला सहा दिवसांची सुट्टी मिळाली. परत इथे अमिरातीत, अल ऐनला आल्यापासून शुक्रवारची दुपार झाली की हातांना काय काम द्यावं ते कळत नाही.

पहिला घाणा: मैदा सव्वा किलो, अंडी चार, तेल, साखर, मीठ, यीस्ट. एवढं पीठ कशाला, तर त्यातला सुपारीएवढा गोळा काढून जाळायचा असतो आणि पीठ थोडं असलं तर तो नियम लागत नाही, असं रिबेका म्हणते. मी चपातीची कणीक मळते तसं मळलं. घट्ट, तेलाचा हात लावून. भाजून निघाला तेव्हा त्यावर चपात्या लाटता आल्या असत्या.

९ ऑगस्ट

यम्नाने काल विचारलं, "हे काय गं?" यम्ना माझी फ्लॅटमेट. डायलिसिस युनिटला माझ्याच बरोबरीची स्टाफ नर्स, रेवदंड्याची. मी म्हटलं, "आमच्याकडचा पाव. ख्रिसमसला करतात ना, तसा." तिने ख्रिसमसचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मीच काढलं. ती नुसती "हं" म्हणाली आणि त्या दगडाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला.

शेरॉन नाव ऐकून हॉस्पिटलात सगळे मला ख्रिश्चन समजतात. डिसेंबरात मला केक मिळतो, मी थँक्यू म्हणते. तीन वर्षांपूर्वी इकडे येताना आईने एवढंच सांगितलं होतं, "कोणी विचारलं तर खोटं बोलू नको, पण आपण होऊन सांगू नको." मी उलट केलं. कोणी विचारत नाही आणि मी खोटं बोलते. इथे सरकारची कशाला आडकाठी नाही, अबू धाबीला आमचं प्रार्थनास्थळही आहे. मी गाडी नाही म्हणून जात नाही. सरकारचा प्रश्न नाही, प्रश्न यम्नाचा आहे. ही दोन वर्षं टीव्हीवर जे दिसतं त्यानंतर तिला कळलं की ही ज्यू, हिची बहीण अश्दोदला, तर काय होईल? ती गेली तर या गावात हाक मारावी असं मला दुसरं माणूस नाही. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा तिनेच माझी बॅग भरली होती.

वही गादीखाली ठेवते. यम्नाची शाळा मराठी होती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी वाढवलं. रिबेकाने सांगितलं, उबदार जागी फुगू दे. उबदार! मी पातेलं बाल्कनीत ठेवलं आणि अंघोळीला गेले. बाहेर सेहेचाळीस डिग्री. परत येते तर पीठ पातेल्याबाहेर, डोशाच्या पिठासारखं ओघळलेलं, आणि वास ताडीचा. सगळं कचऱ्यात. अंड्यांचा ट्रे अठरा दिरहमचा, म्हणजे चारशे रुपयांच्या वर, त्यातली चार अंडी गेली. रिबेकाला फोटो पाठवला तर तिने हसण्याचा व्हॉइस मेसेज पाठवला, चाळीस सेकंदांचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज एसीच्या खोलीत, दीड तास. छान फुगला. बोट दाबलं की खड्डा हळूहळू भरून येत होता.

पण वेणी काही जमेना. चार पेड घेतले, दोनदा विस्कटले. यम्ना ड्यूटीला निघाली होती, युनिफॉर्म घालून. म्हणाली, "अरे यार, शाळेत कधी वेणी घातली नाहीस का? सरक." हात धुतले, बाह्या वर केल्या आणि दोन मिनिटांत चौपेडी घालून दिली, टोकं आत खोचून. "नानी घालायची माझी. सकाळी सकाळी केस असे ओढायची की डोळे चिनी व्हायचे." यल्ला, चल म्हणून धावत गेली, बस चुकवली असणार.

तिची शुक्रवारी नेहमी इव्हनिंग असते, दोन ते दहा. दोन वर्षांपूर्वी तिनेच इनचार्ज एमानकडून मागून घेतली, म्हणाली सकाळी झोप होते. शुक्रवारची संध्याकाळ त्यामुळे मला मोकळी मिळते. नशीब म्हणायचं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाण्याऐवजी नारळाचं दूध घातलं. साधं दूध चालत नाही, कारण पाव मटणाबरोबर खायचा आणि मटण नि दूध आमच्यात एकत्र येत नाही. नारळाचं दूध चालतं. रिबेका ओरडली, हे कुठलं फॅड! मी म्हटलं, कोकणातलं. पाव मऊ झाला, आजवरचा सगळ्यात चांगला.

सुपारीएवढा गोळा फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनच्या तळाशी जाळला, तर धूर झाला. यम्ना म्हणाली, "काहीतरी करपतंय." मी म्हटलं, "आत काही सांडलं असेल." ती म्हणाली, "असेल."

११ सप्टेंबर

यम्नाने स्वयंपाकघर आवरलं. फॉइलचा रोल ओव्हनच्या शेजारच्या खणात आणून ठेवला आहे. तिला काय सुचतं कोण जाणे, पण मला सोयीचं झालं.

रात्री बिर्याणी केली तिने. मटण हलालचं मी खाते, इथे दुसरं कुठून आणणार. दह्याऐवजी नारळाचं दूध होतं. दही संपलं म्हणाली. मी फ्रिज उघडला तर दह्याचा अख्खा डबा समोर. इतकी विसरभोळी बाई ड्यूटीवर मात्र एक गोळी चुकत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मैदा, अंडी, नारळाचं दूध, सगळं नेहमीचं. दोन मोठे, एक छोटा. छोटा यम्ना युनिटमध्ये घेऊन गेली. तिथे आता शुक्रवारी पाव यायची वाट बघतात.

युनिटच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर सारख्या बातम्या लागलेल्या असतात. यम्ना आली की रिमोट उचलते आणि स्वयंपाकाचं चॅनेल लावते. पेशंट कुरकुरतात. एकदा तर एका पेशंटचा मुलगा म्हणाला, सिस्टर, जगात काय चाललंय ते बघू द्या. यम्ना म्हणाली, "इथे ब्लड प्रेशर वाढवायचं नाही." तिला बातम्यांचा तिटकारा आहे असं दिसतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

योम किप्पूर, आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. कालच्या सूर्यास्तापासून आजच्या सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि नेमका दसरा! युनिटमध्ये जो तो मिठाईचा डबा घेऊन माझ्याच मागे. ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणून जीव काढला.

यम्नाही माझ्यासमोर काही खाईना. लंच ब्रेकला फार्मसीत काम आहे म्हणून गायब झाली. घरी आल्यावर मी पडून होते. सूर्य मावळला तशी तिने दार वाजवलं. हातात लिंबाचं सरबत आणि बशीत चार खजूर. "केलं होतं, घे." मी गटागटा प्यायले. ॲसिडिटीवर लिंबू कोण देतं? नर्स आहे का कोण आहे! पण इतकं बरं वाटलं की बोलले नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाव ठीक. चकाकी यायला अंड्याचा पिवळा बलक दोनदा लावायचा, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. हे नीट लक्षात ठेवायचं.

यम्नाच्या चुलतभावाने अबू धाबीजवळच्या मुसाफ्फाहून कोळंबी आणली, ही बोटभर लांब. मी नेहमीचं सांगितलं, ॲलर्जी. आमच्यात खवले नसलेलं, कवचाचं काही खात नाहीत. भाऊ म्हणाला, "कोकणची आणि कोळंबीची ॲलर्जी? बिच्चारी!" यम्ना त्याच्यावर खेकसली, "असते एकेकाची. तू गप जेव." माझ्यासाठी तिने वेगळ्या तव्यात सुरमई तळली होती. तवा नवा होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पावाचं आज लिहीत नाही.

यम्नाची नानी येते आहे. हव्वाबी, वय ऐंशी, रेवदंड्याहून, वीस तारखेला, महिनाभरासाठी. यम्ना आनंदाने घरभर नाचत होती. "तुला जाम आवडेल ती. आणि तू झिराडकर म्हटल्यावर बघ, झिराड तिथून किती जवळ, सगळ्या गावाची खबर विचारेल."

तेच तर. यम्नाच्या वयाच्या मुलींना काय माहीत, आमचे सगळे केव्हाच गाव सोडून गेले. पण ऐंशी वर्षांची अलिबाग तालुक्यातली बाई! झिराडकर, नाव शेरॉन, कोळंबी खात नाही, मटणात दही घालत नाही. एका मिनिटात म्हणेल, ही तर शनवार तेल्यांची. कोकणात आम्हाला तेच म्हणायचे, तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. मग यम्ना तिच्या नानीसमोर, माझ्याकडे बघत, काय करेल?

१० नोव्हेंबर

खोली बघून आले. हॉस्पिटलच्या पलीकडे, केरळच्या दोन नर्सेस आहेत. खोली एक डिसेंबरपासून मिळेल, तोवरचे नानींसमोरचे दहा दिवस जादा ड्यूट्या घेऊन काढायचे. खिडकी पार्किंगवर उघडते. ओव्हन नाही. हो म्हणून आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. मनाशी वाक्य तयार केलं होतं: तुझी नानी येतेय, जागा लागेल, मी जाते. यम्ना कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"नानी माझ्या खोलीत झोपणार आहे. जागेचं काय?"

मी म्हटलं, "तसं नाही, मला थोडं—"

"शेरॉन, तू ज्यू आहेस म्हणून चाललीस ना?"

मी स्टूलवर बसले.

"पहिल्या दिवशी शेरॉन झिराडकर म्हणालीस ना, तेव्हाच कळलं मला. रेवदंड्यात तुमची मशीद, म्हणजे तुमचं ते देऊळ, आमच्या शाळेच्या रस्त्यावर आहे. मला काय माहीत नाही? मी वाट बघत होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तुझे बाबा गेले तेव्हा सांगेल. दोन वर्षं मी दही टाळते, फॉइल ठेवते, शुक्रवारची घाण इव्हनिंग करते, दर शुक्रवारी रात्री अकराला जेवते मी. आणि तू मला ॲलर्जी सांगतेस? मला? नर्सला?"

मी म्हटलं, "मला भीती वाटली."

"कसली? मी काय करीन असं वाटलं तुला?"

खरं उत्तर होतं, पण ते तिच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या गप्प बसण्यातच तिला ते कळलं. तिचे डोळे भरले. कांदा म्हणायची सोय होती, पण तिने म्हटलं नाही. "खलास," म्हणाली. "जा तू." अर्धा चिरलेला कांदा तसाच ठेवून खोलीत गेली.

मी मूर्ख आहे. मागची सगळी पानं आत्ता वाचून काढली. प्रत्येक पानावर ती आहे आणि मी पिठाचं मोजमाप लिहीत बसले आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केला नाही.

१७ नोव्हेंबर

ड्यूटीवर कामापुरतं बोलते. "बेड चारचं प्रेशर बघ." "हो." घरी तेही नाही. माफी मागायला दोनदा दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी वाजवलं. आतून म्हणाली, "झोपले आहे." दिवा चालू होता.

आईला फोन केला, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मीच तुला शिकवलं ते." रडायला लागली. मग मीही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नानी आल्या. एवढ्याशा, माझ्या खांद्यापर्यंत, आणि बॅगा तीन. एकीत नुसते सुके बोंबील आणि कोकम. मी नमस्कार केला. "कोन गो तू?" मी पूर्ण नाव सांगितलं. आणि पुढे आपण होऊन म्हणाले, "आम्ही बेने इस्रायल, नानी. शनवार तेली." आयुष्यात पहिल्यांदा कोणाला आपण होऊन सांगितलं.

नानींनी चष्मा वर केला, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "मग एवढी सुकलीस कशाला? तुमच्या बायका तर चांगल्या अंगापिंडाच्या असायच्या."

यम्ना बॅग उघडत होती. तिने मान वर केली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केला. नानींना घरी एकटं ठेवायला नको म्हणून मी आज दिवसभर बाहेर पडले नव्हते, आणि हात रिकामे बसवत नव्हते. यम्ना दीड वाजता गेली. ओट्यावरचे चार पेड बघितले आणि बूट घालायला लागली. मी "वेणी?" म्हटलं. "उशीर होतोय," म्हणाली. उशीर होत नव्हता.

मी स्वतःच घातली. एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. नानी खुर्ची ओढून ओट्याजवळ बसल्या होत्या. सुपारीएवढा गोळा काढून फॉइलमध्ये ठेवला ते बघितलं. "तो कोणाचा?" म्हटलं, "देवाचा. जाळायचा." मान डोलावली. मग वेणीकडे बोट दाखवलं. "हे कोनी शिकवलं? तुमच्यात तर चपात्या असायच्या शुक्रवारी. फडक्याखाली. मी काय बघितलं नाय?"

ऐंशी वर्षांची मुसलमान बाई मला सांगते आहे की हे आमच्यातलं नाही! मी म्हटलं, बहीण इस्रायलला असते, तिने शिकवलं. "असं," म्हणाल्या. "म्हंजे तुमचे गेले ते तिथं जाऊन पाव खायला लागले." भाजल्यावर मात्र तीन तुकडे खाल्ले.

संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावल्या. दार उघडं ठेवून. आशीर्वाद बाबांसारखा मोठ्याने म्हटला, मध्ये एकदा अडखळले. यम्नाचं ताट वाढून झाकून ठेवलं, पाव सगळ्यात वर. रात्री अकरानंतर बघितलं तर ताट घासून ठेवलं होतं. बोलणं मात्र नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला स्वयंपाकघरात गेले. नेहमीप्रमाणे चहाचं भांडं घेतलं, पाणी भरलं, लायटर उचलला. मागून आवाज आला, "ए पोरी! ठेव ते!"

नानी. नाइटीवर शाल, केस सुटलेले, भिंत धरत धरत तुरुतुरु आल्या आणि माझ्या हातातून लायटर काढून घेतला.

"आज शनवार ना? तू इस्तवाला हात नाय लावायचा. बस."

मी बसले. त्यांना लायटर लागेना. चारदा टकटक केलं, पाचव्यांदा भडका उडाला. मग ज्योत बारीक करत, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "आमच्या शेजारी होते ना तुमचे. घर एकाला एक लागून. दर शनवारी सकाळी हाक यायची, हव्वा, ये गो. मी सात वर्षांची. जाऊन चूल पेटवायची, आधण ठेवायचं. ती बाई मला गुळाचा खडा द्यायची. दुसऱ्या कोनाला बोलवायची नाय, मलाच. मग एक दिवस बिऱ्हाड बांधून गेले सगळे, इस्रायलला. पुढच्या शनवारी मी उठून बसले सकाळची. हाक येईल म्हणून." भांड्यावर झाकण ठेवलं. "आई म्हणाली, आता कोन बोलवनार तुला. मी लय रडले."

नानींनी डोळे शालीने पुसले आणि म्हणाल्या, "आता मी आहे ना महिनाभर. शनवारचा गॅस मी लावीन. तू हात नाय लावायचा."

आता खरं काय ते लिहिते. बारा वर्षं नोकरी करतेय. शनिवारी गॅस लावते, लिफ्ट वापरते, ड्यूटी करते, मशीन चालवते. ठाण्याला आईसुद्धा गॅस लावते, चहाशिवाय तिचं डोकं चढतं. आमच्या घरात हे कोणी पाळत नाही. हे सगळं मला नानींना सांगायचं होतं. तोंड उघडलंही.

यम्ना दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. तिला पक्कं माहीत आहे, दर शनिवारी तिचा चहा मीच करते, याच गॅसवर, याच लायटरने. तिने नानींकडे बघितलं, मग माझ्याकडे. नऊ दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"बरोबर आहे नानी," ती म्हणाली, अगदी गंभीर चेहऱ्याने. "शेरॉन फार कडक आहे या बाबतीत. शनिवारी बटणाला हात लावत नाही. लिफ्टसुद्धा नाही. आठ मजले जिने चढते."

"माझी बाय ती," नानी म्हणाल्या.

यम्ना वळून फ्रिजमध्ये तोंड घालून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला हसू आवरेना, रडूही आवरेना, मी नाक पुसत राहिले. नानींनी चहा ओतला. साखर इतकी की चमचा उभा राहावा. तिघी प्यायलो.

दहा वाजता केरळच्या मुलींना फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. साडेदहाला नानी म्हणाल्या, चल, खाली बागेत जाऊ या. यम्नाने लिफ्टचं बटण दाबलं, नानींना आत घेतलं, आणि मला दरवाजा उघडून दिला. जिन्याचा.